वैतरणेचा न लागलेला हिशेब

गुरुवार, ८ नोव्हेंबर १८८८. कार्तिक शुद्ध पंचमी. दिवाळी नुकतीच आटोपली होती. गुजराती व्यापाऱ्यांची ही लाभपंचमी, सणासाठी मिटलेल्या पेढ्या पुन्हा उघडण्याचा दिवस. त्या दुपारी कच्छमधल्या मांडवी बंदरातून 'वैतरणा' नावाची आगबोट मुंबईला जायला निघाली. मांडवीत ५२० उतारू चढले. द्वारकेला आणखी माणसं घेतली आणि उतारूंचा आकडा ७०३ झाला. कप्तान, खलाशी, इंजिनवाले असा ४३ जणांचा ताफा वेगळा. एकूण ७४६ माणसं. मांडवी ते मुंबई भाडं होतं आठ रुपये.

या ७४६ जणांपैकी एकही जण मुंबईच्या धक्क्यावर उतरला नाही. संध्याकाळनंतर बोट काठियावाडच्या किनाऱ्यालगत वादळात सापडली आणि दिसेनाशी झाली. मुंबई सरकारनं आणि जहाज कंपन्यांनी शोधासाठी बोटी पाठवल्या. प्रेत मिळालं नाही, फळकुटही मिळालं नाही. एवढी माणसं घेऊन निघालेली लोखंडी बोट अरबी समुद्रानं गिळली आणि मागं पुरावा म्हणून काहीच ठेवलं नाही.

गुजरातमध्ये ही बोट 'वीजळी' या नावानं आजही लोकांच्या तोंडी आहे. महाराष्ट्राला ती फारशी ठाऊक नाही. खरं तर तिच्यावर आपलाही हक्क आहे. तिची मालक ए. जे. शेफर्ड आणि कंपनी मुंबईची. तिचं नाव त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावून ठाणे जिल्ह्यातून, आजच्या पालघरमधून, समुद्राला मिळणाऱ्या नदीचं. तिच्यावरचा बहुतेक प्रत्येक उतारू मुंबईकडं डोळे लावून बसलेला. आणि तिच्या बुडण्यामागची कारणं पुढं आपल्याच किनाऱ्यावर, रेवसच्या वाटेवर, पुन्हा माणसं मारत राहिली.

त्या काळी कच्छहून मुंबईला जायला समुद्र हाच रस्ता होता. नागपूरचा माणूस १८६७ सालापासून आगगाडीत बसून मुंबई गाठू शकत होता. आठशे किलोमीटरहून लांब असलेली मुंबई नागपूरला रुळांमुळं जवळ आली आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस सरळ गोदीत जाऊन पडू लागला. कच्छच्या नशिबी मात्र १८८८ मध्ये रुळाचा एक तुकडाही नव्हता. दुकान मुंबईत आणि घर मांडवीत, अशी हजारो माणसं होती. मधलं अंतर कापायला आधी शिडाची गलबतं होती, मग आगबोट आली. वारा पडला की गलबत दिवसच्या दिवस खोळंबायचं. आगबोट वेळ सांगून निघायची आणि बहुतेकदा दीडेक दिवसात पोचवायची. ठरल्या वेळी पोचता येतं, हा विश्वास लोकांनी आठ रुपयांत विकत घेतला होता.

बोट दिसायलाही देखणी असणार. स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या गोदीत ती बांधली आणि १८८५ मध्ये पाण्यात सोडली. दोन डोलकाठ्या, तीन मजले, वरच्या वर्गासाठी २५ खोल्या, पोटात वाफेचं इंजिन. लोकांना सगळ्यात नवल वाटलं ते दिव्यांचं. बोटीवर विजेचे दिवे होते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटात विजेचा उजेड पडला तो १८८२ साली. मांडवी, द्वारका, पोरबंदरच्या लोकांनी आयुष्यभर तेलाची दिवटी नाहीतर रॉकेलचा कंदील पाहिलेला. त्यांच्या बंदराबाहेर रात्री एक अख्खी बोट लखलखत उभी राहू लागली, तेव्हा तिचं कागदावरचं नाव बाजूला पडलं आणि ती 'वीजळी' झाली.

शेफर्ड कंपनीच्या बोटी कोकणपट्टीलाही ओळखीच्या होत्या. किनाऱ्याशी पाणी उथळ असल्यामुळं बऱ्याच बंदरांत आगबोट खोल पाण्यात उभी राहायची. माणसं पडावात बसून तिच्यापर्यंत जायची, हाताला धरून वर ओढली जायची, आणि तुतकावर, म्हणजे डेकवर, मिळेल तिथं पथारी टाकायची. या प्रवाशाचं नाव यादीत असेलच असं नव्हतं. त्याचं तिकीट म्हणजे एक आकडा. किनारी आगबोटींचा सगळा धंदा या तुतकावरच्या माणसावर चालायचा. खोलीतल्या वीस-पंचवीस साहेब-शेठांपेक्षा उघड्यावरच्या पाच-सातशे माणसांच्या भाड्यातून इंधनाचा खर्च निघायचा.

महिना नोव्हेंबरचा होता, याकडं मुद्दाम पाहायला हवं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात काठियावाडातला एक अठरा वर्षांचा मुलगा विलायतेला जायला मुंबईत येऊन थांबला होता, मोहनदास करमचंद गांधी. आत्मकथेत त्यांनी लिहून ठेवलं आहे की जून-जुलैत समुद्र खवळलेला असतो, पहिलाच प्रवास आहे तर याला नोव्हेंबरपर्यंत जाऊ देऊ नका, असं स्नेह्यांनी त्यांच्या भावाला सांगितलं. एक आगबोट नुकतीच वादळात बुडाल्याची बातमीही कुणीतरी आणली. गांधी थांबले नाहीत. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते 'क्लाइड' बोटीनं निघाले. नोव्हेंबर म्हणजे निर्धास्त महिना, ही त्या काळची सर्वसाधारण समजूत होती. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला, दसरा-दिवाळी झाली की दर्या शांत, असं किनाऱ्यावरची पिढ्यान्‌पिढ्यांची जाण सांगते.

ती जाण पावसाळी वाऱ्यांपुरती खरी आहे. चक्रीवादळांचं गणित वेगळं चालतं. अरबी समुद्रात त्यांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. दुसरा पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. बारा महिने वादळाचा धोका असता, तर माणसं सावध राहिली असती. दिवाळीनंतरचं वादळ क्वचित येतं, म्हणून बेसावध गाठतं. 'वैतरणा' ८ नोव्हेंबरला बुडाली. 'जयंती' आणि 'तुकाराम' या कोकणच्या बोटी १९२७ मध्ये बुडाल्या, तो दिवस ११ नोव्हेंबरचा. आणि 'फयान' वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं ते २००९ सालच्या ११ नोव्हेंबरला.

आता त्या दिवसाचा प्रवास. मांडवीहून दुपारी निघालेली बोट कच्छच्या आखाताचं तोंड ओलांडून द्वारकेला आली. तिथं माणसं चढली. पुढचा थांबा पोरबंदर होता, पण हवा बिघडली होती आणि बोट पोरबंदरला न थांबता सरळ मुंबईच्या दिशेनं निघाली. लोककथा इथं एक प्रसंग सांगते. पोरबंदरचा इंग्रज प्रशासक लेली यानं कप्तानाला पुढं जाऊ नकोस म्हणून बजावलं, आणि कप्तानानं ऐकलं नाही. हा फ्रेडरिक लेली खराखुरा माणूस होता. विलायतेच्या शिक्षणाला मदत मागायला तरुण गांधी त्याच वर्षी याच लेलीकडं गेले होते आणि आधी बी. ए. हो, असं ऐकून रिकाम्या हातानं परतले होते. लेलीनं वैतरणेला अडवल्याचा आधार मात्र नंतरच्या संशोधकांना कुठं सापडलेला नाही. संध्याकाळच्या सुमारास बोट मांगरोळजवळच्या समुद्रात तुफानात सापडली असं मानलं जातं. दुसऱ्या दिवशी ती बेपत्ता म्हणून जाहीर झाली.

बोटीवर कोण होतं? मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. काठियावाड-कच्छमधल्या शाळांत शिकून पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली, पाटीवरून पुस्तकाकडं आणि पुस्तकातून सरकारी नोकरीकडं जाणारी ती पहिली-दुसरी पिढी. लग्नाची वऱ्हाडं होती. लोकगीतात तेरा नवरदेव आहेत. लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतर उघडतात, म्हणजे ती वऱ्हाडं मुहूर्ताआधी मुंबई गाठायला निघाली असावीत. लाभपंचमीच्या मुहूर्तावर धंद्याला परतणारे व्यापारी, त्यांचे गुमास्ते, बायका-मुलं होती. आकड्यांवरही एकमत नाही. ७४६ हा कागदोपत्री धरलेला आकडा. लोककथेत तो तेराशेपर्यंत जातो. एवढी माणसं मेली आणि नेमकी किती मेली हे कुणालाच ठाऊक नाही, कारण ती किती होती हे कुणी नीट लिहून घेतलं नव्हतं.

मुंबई सरकारनं चौकशी समिती नेमली. वाचलेला एकही साक्षीदार नाही, बोटीचा तुकडा नाही. समितीपुढं होते ते फक्त कागद. तरी समितीनं एक गोष्ट नोंदवली: मोठ्या वादळाला तोंड देण्याइतकी सुरक्षेची साधनं या बोटीवर नव्हती. जीवरक्षक होड्या अपुऱ्या होत्या, जीवरक्षक जाकिटं अपुरी होती. माझ्या मते या सगळ्या कहाणीतलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच आहे. त्यात नवरदेव नाहीत, विजेचे दिवे नाहीत, हट्टी कप्तानही नाही. म्हणूनच ते लोकांच्या लक्षात राहिलं नाही.

त्या वाक्याचा अर्थ आकड्यांत मांडून पाहू. बोट सुमारे १७० फूट लांब, साडेसव्वीस फूट रुंद, दहा फुटांच्या आतबाहेर खोल. तिची नोंद २९२ टनांची. जहाजाच्या नोंदीतला हा टन वजनाचा नसतो, तो आतल्या बंदिस्त जागेचं माप असतो. शंभर घनफूट म्हणजे एक टन. म्हणजे बोटीच्या आतली सगळी जागा २९,२०० घनफूट. तिला ७४६ नं भागलं तर माणशी येतात ३९ घनफूट. अडीच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि सव्वासहा फूट उंच, एका कपाटाएवढी जागा. त्यातूनच इंजिन, बॉयलर, इंधन, सामान आणि २५ खोल्या वजा करायच्या. उरतं काय? उतारूंचा मोठा भाग उघड्या तुतकावर असणार, हे त्या भागाकारातच लिहिलेलं आहे.

आता ही माणसं तुतकावर असणं म्हणजे बोटीला काय, तेही पाहू. बोट सरळ राहते ती तिचं वजन खाली असतं म्हणून. पोटात इंजिन, इंधन आणि माल असतो. लाटेनं बोट कलली की खालचं वजन तिला पुन्हा सरळ करतं. शेकडो माणसं सगळ्यात वरच्या फळ्यांवर बसवली की वजन वर चढतं आणि सरळ होण्याची ताकद घटते. उथळ बंदरांसाठी बांधलेली बोट पाण्यात फार खोल बसत नाही, वरचे मजले मात्र वाऱ्याच्या तोंडी येतात. त्यात माणूस काही मालाच्या पोत्यासारखा जागच्या जागी राहत नाही. वाऱ्या-पावसाचा मारा एका बाजूनं आला की तो दुसऱ्या बाजूला सरकतो. पाच-सातशे माणसं एकदम एका अंगाला आली, की पुढची मोठी लाट बोट उलटवायला पुरेशी असते. वैतरणेचं नेमकं हेच झालं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण एकही माणूस वाचला नाही, एकही होडी सुटली नाही, हे बोट फार थोड्या वेळात गेल्याचं लक्षण आहे.

हे धोके त्या काळी कुणाला माहीतच नव्हते असंही नाही. जहाज किती लादायचं याची रेघ त्याच्या अंगावर रंगवलेली असलीच पाहिजे, यासाठी सॅम्युएल प्लिमसोल ब्रिटिश संसदेत वर्षानुवर्षं भांडला आणि १८७६ मध्ये तसा कायदा झाला. जहाजावर जीवरक्षक साधनं किती असावीत याचाही स्वतंत्र कायदा ब्रिटिश संसदेनं संमत केला, तो १८८८ सालीच. म्हणजे वैतरणा बुडाली त्याच वर्षी. ज्ञान होतं, कायदा होत होता. पण कायद्यानं धरलेलं माप जहाजाच्या आकाराचं होतं. बोटीवर माणसं किती, हा प्रश्न मागं राहिला. चोवीस वर्षांनी, १९१२ मध्ये, 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तिच्यावर कायद्याला हव्या त्याहून जास्त होड्या होत्या, तरी त्या निम्म्याच माणसांना पुरल्या असत्या. जगानं त्यानंतर डोकी मोजून होड्या ठेवायचा नियम केला. हिंदी किनाऱ्यावर तो धडा त्याआधीच सातशेवर माणसांचा जीव देऊन मिळालेला होता, पण इथल्या धड्याला जगाच्या शाळेत जागा नव्हती.

हिंदी किनाऱ्यावरही वैतरणा पहिली नव्हती. दीड वर्ष आधी, २५ मे १८८७ रोजी, 'सर जॉन लॉरेन्स' ही आगबोट कलकत्त्याहून चांदबालीला निघाली होती. तिच्यावर जगन्नाथपुरीला जाणारे सातशेहून अधिक यात्रेकरू होते, त्यांत बहुतेक बायका. चक्रीवादळात ती बंगालच्या उपसागरात बुडाली. कलकत्त्यात हुगळीच्या घाटावर इंग्रज बायकांनी त्या यात्रेकरूंच्या आठवणीसाठी एक पाटी बसवली. तरुण रवींद्रनाथ ठाकुरांनी त्या बातमीवर 'सिंधुतरंग' ही कविता लिहिली. पूर्वेच्या समुद्रात सातशे, पश्चिमेच्या समुद्रात सातशे, अठरा महिन्यांच्या आत. दोन्हीकडं चक्रीवादळ, दोन्हीकडं गर्दी, दोन्हीकडं तुतकावरची नाव नसलेली माणसं.

वादळाचा इशारा मिळू शकला असता का, हा प्रश्न उरतो. १८६४ च्या भयंकर वादळानंतर कलकत्ता बंदराला इशारे देण्याची व्यवस्था झाली. १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं. १८८० मध्ये मुंबई, कराची, रत्नागिरी, वेंगुर्ला, कारवार या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांना इशारे जाऊ लागले आणि १८८६ पर्यंत ही पद्धत देशभरच्या बंदरांना लागू झाली. तारेनं निरोप यायचा आणि बंदरात बावटा चढायचा. बावटा बंदरातल्या बोटीला दिसतो. बंदर सोडलेल्या बोटीला तो दिसत नाही, आणि बिनतारी यंत्र तर अजून जन्माला यायचं होतं. शिवाय वादळ ओळखायचं कसं? उपग्रह नव्हते. किनाऱ्यावर वायुभारमापकातला पारा उतरला, वारा फिरला, की आत समुद्रात काहीतरी घडतंय असा अंदाज. समुद्राच्या मध्यावर काय चाललं होतं ते तिथून सुखरूप परतलेल्या जहाजांच्या नोंदवह्या वाचूनच कळायचं, म्हणजे सगळं होऊन गेल्यावर. नांगर उचलला की कप्तान आणि आभाळ, एवढाच मामला उरायचा.

म्हणूनच सगळा दोष कप्तानाच्या हट्टावर टाकणं मला पटत नाही. कप्तानाचं नाव होतं कासम इब्राहिम. तोही बोटीबरोबर गेला. बाजू मांडायला तो उरला नाही, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या माथी खापर फोडणं सगळ्यांनाच सोयीचं असतं. बोट किती भरायची, होड्या किती ठेवायच्या, जाकिटं किती घ्यायची, हे कप्तान ठरवत नव्हता.

घटनेनंतर काठियावाडात गाणी झाली. दुर्लभ श्यामजी ध्रुव यांनी 'वीजळी विलाप' या नावानं ती छापली. पुढं झवेरचंद मेघाणींनी आपल्या लोकगीतांच्या संग्रहात त्यांना जागा दिली. गुणवंतराय आचार्यांनी १९५४ मध्ये या बोटीवर कादंबरी लिहिली. गाण्यात बोट हाजी कासमची आहे. कागदावर ती शेफर्ड कंपनीची. हाजी कासम हा कच्छकडचा, मुंबईत स्थिरावलेला बडा माणूस, बोटीच्या तिकिटांच्या कामाशी जोडलेला. तिकीट ज्याच्याकडून घ्यायचं त्याचीच बोट, असा लोकांचा साधा समज. त्यामुळं मूळ मालक गाण्यातून सुटला आणि हाजी कासम अमर झाला. वाय. एम. चितलवाला यांनी जुने कागद धुंडाळून २०१० मध्ये या बोटीवर पुस्तक लिहिलं, तेव्हा दंतकथा आणि नोंदी पहिल्यांदा नीट वेगळ्या झाल्या.

गाण्यांचं ऋण मोठं आहे, हे मी मनापासून मानतो. ज्यांची नावं कंपनीनं लिहिली नाहीत, ज्यांचं प्रेत घरच्यांना मिळालं नाही, त्यांच्यासाठी बायकांनी रासात, फेर धरून, पिढ्यान्‌पिढ्या शोक केला. अग्नी देता आला नाही, दफन करता आलं नाही, तिथं गाणं हाच अंत्यविधी झाला. पण शोकगीताला खलनायक लागतो, नाहीतर नियती लागते. अपुऱ्या होड्यांवर गाणं होत नाही. माणशी ३९ घनफुटांवर तर मुळीच होत नाही. गाण्यानं मेलेल्यांना जपलं. पुढच्या बोटीत बसणाऱ्यांना जपायचं काम चौकशीच्या त्या एका वाक्याचं होतं, आणि ते वाक्य दप्तरात राहिलं.

त्याची किंमत कोकणानं मोजली. स्वदेशीच्या भरात मराठी माणसांनी परक्या कंपन्यांशी टक्कर द्यायला स्वतःची बोट कंपनी काढली. इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन कंपनी हे तिचं नाव, लोकांच्या तोंडी ती 'माझी आगबोट कंपनी'. बोटींना संतांची नावं: तुकाराम, रामदास. मालक बदलले, नावं आपली झाली, तुतक तेच राहिलं. १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' एकाच दिवशी वादळात गेल्या. त्यानंतर वीस वर्षांनी 'रामदास'.

१७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणासाठी गावी जाणाऱ्यांनी ती ओसंडून वाहत होती. लांबी १७९ फूट, वैतरणेपेक्षा नऊच फूट जास्त. तासाभरात पावसाचा आणि वाऱ्याचा तडाखा बसला, भिजलेली माणसं एका बाजूला सरकली, बोट कलली, आणि काश्याच्या खडकाजवळ एका मोठ्या लाटेनं ती उलटली. सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई बंदर डोळ्यांच्या टप्प्यात म्हणावं इतकं जवळ, तरी मुंबईला दिवसभर पत्ता नव्हता. अलिबागचा एक दहा-बारा वर्षांचा मुलगा तरंगत्या कड्याला धरून वाहत वाहत गेटवेला लागला, तेव्हा शहराला कळलं. रेवसकडून मासळी घेऊन येणाऱ्या कोळ्यांनी मचव्यांतली मासळी समुद्रात ओतून दिली आणि तिच्या जागी माणसं ओढून घेतली. त्या दिवशी जी माणसं वाचली, त्यांतली कितीतरी या कोळ्यांमुळं वाचली.

'वैतरणा' आणि 'रामदास' यांच्यात एकोणसाठ वर्षांचं अंतर आहे. या काळात मार्कोनीचं बिनतारी यंत्र आलं, विमानं आली, दोन महायुद्धं झाली, इंग्रजांचं राज्य जायला निघालं. किनारी आगबोटीच्या तुतकावरचा माणूस मात्र होता तिथंच होता. 'रामदास'नंतर बिनतारी यंत्राची सक्ती आणि पावसाळ्यात बोटी बंद, असे नियम कडक झाले. म्हणजे १८८८ ला जे कळलं होतं, ते १९४७ ला अमलात यायला लागलं.

हा इतिहास समुद्राकाठच्या माणसांनी वाचायचा आणि आम्ही नागपुरातल्या प्रतापनगरच्या लोकांनी लांबून हळहळायचं, असं मला वाटत नाही. आमच्या शहराजवळ वेणा जलाशय आहे. ९ जुलै २०१७ रोजी तिथं सहलीला गेलेल्या तरुणांची होडी उलटली आणि घरोघरी आकांत झाला. पाणी गोडं होतं, वादळ नव्हतं, किनारा दिसत होता. १७ मे २०२१ ला 'तौक्ते' वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांचा तराफा बुडाला. इशारा काही दिवस आधी मिळालेला होता, तरी सत्तरच्या घरात माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. प्रत्येक घटना वेगळी आहे, प्रत्येकीची कारणं वेगळी आहेत. पण प्रत्येकीनंतर विचारले गेलेले प्रश्न तेच आहेत: माणसं किती होती, किती असायला हवी होती, आणि जाकिटं कुठं होती?

या प्रश्नांची उत्तरं बोट सुटण्याआधी मागायची असतात. आज त्यासाठी कायद्याचा आधार आहे. नदी-तलावांवरच्या बोटींची नोंदणी, तपासणी आणि जीवरक्षक साधनं यांसाठी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा झाला. बोटीची क्षमता विचारणं, जाकीट मागणं, ते नसेल तर न बसणं, गर्दी झाली तर उतरून जाणं, यात भित्रेपणा नाही. सहलीला मुलं नेणाऱ्या शिक्षकांनी, तलावावर होड्या चालवायचा ठेका देणाऱ्या नगरपालिकांनी, गणपती-नवरात्राच्या विसर्जनाला होडी काढणाऱ्या मंडळांनी तो हिशेब आधी करायला हवा. बसणाऱ्याचं नाव लिहून घेणं ही यातली सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे, आणि वैतरणेवर तेवढंही झालं नव्हतं.

मांडवीच्या उतारूंना हे विचारता आलं नसतं. तुतकावरच्या माणसानं साहेबाच्या कंपनीला होड्या मोजून दाखवा म्हणावं, अशी त्या काळाची रीतच नव्हती. आठ रुपये देऊन त्यांनी आपला जीव कंपनीच्या हवाली केला आणि कंपनीनं तो आकड्यात जमा केला. आपल्याला तो प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. १८८८ च्या चौकशी समितीचं ते रुक्ष वाक्य शाळेत, धक्क्यावर, तलावाच्या काठी मोठ्यानं वाचून दाखवणं आणि प्रत्येक बोटीला तो प्रश्न विचारणं, हे त्या ७४६ जणांचं आपल्याकडं राहिलेलं देणं आहे.